पत्र्याखालची सेल्देन

नाकफेल माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान, पण गाडीत मान त्याचा. तो गाइड, मी ड्रायव्हर. सोळा वर्षं आम्ही एकाच कोस्टर बसमधून पारो ते बुमथांग आणि बुमथांग ते पारो अशा खेपा घातल्या. त्या सोळा वर्षांत माझं त्याच्याशी जेवढं बोलणं झालं तेवढं माझ्या बायकोशीसुद्धा झालं नसेल. बायको म्हणते, त्यात तिचं काही बिघडलं नाही.

आमच्या कंपनीकडे येत ती बहुतेक कॉलेजची पोरं. परदेशातलं एखादं विद्यापीठ, वीस-बावीस विद्यार्थी, एक प्राध्यापक आणि चौदा दिवस. शिकायचा विषय काय, तर आनंद. भूतानी माणूस आनंदी कसा राहतो ते बघायचं आणि वहीत लिहून घ्यायचं. पहिल्या हॉटेलात इंटरनेट बंद पडलं की हीच पोरं चेहरे पाडून नाश्त्याला यायची. मला हसू आवरायचं नाही. नाकफेल दटावायचा, "आचो, शिकायला आलेल्याला हसू नये. ती विमानात बसली की मग हस." आचो म्हणजे थोरला भाऊ. नात्याने मी त्याचा कुणी लागत नव्हतो, पण तो पहिल्या दिवसापासून मला तेच म्हणायचा.

तो उरा गावचा. सातव्या वर्षी घरच्यांनी मठात घातलं, पंधराव्या वर्षी तो तिथून पळाला. का पळालास असं विचारलं की म्हणायचा, भूक लागली होती. इंग्रजी तो पाहुण्यांच्या तोंडून शिकला, त्यामुळे त्यात दहा देशांचे हेल होते. उंच, किडकिडीत माणूस, अंगावरचा गुडघ्यापर्यंतचा घो कायम चापूनचोपून घातलेला, आणि गालात विड्याचा फुगा. पोरांना तो फार आवडायचा. सगळ्यांची नावं तो पहिल्याच दिवशी पाठ करायचा. मिरची कुणाला झेपणार नाही, वळणावर कुणाला मळमळणार, हे त्याला त्या पोराच्या आधी कळायचं. मी आरशात बघेपर्यंत त्याने पिशवी आणि आल्याचा तुकडा त्या पोराच्या हातात दिलेला असायचा.

बायको लवकर गेली त्याची. मुलगी सेल्देन तेव्हा आठ वर्षांची होती. बाप महिन्यातले वीस दिवस रस्त्यावर, त्यामुळे ती थिंफूत आमच्याच घरी वाढली म्हणायला हरकत नाही. तिच्या वेण्या माझ्या बायकोने घातल्या, तिला सायकल मी शिकवली. ती मला आशांग म्हणायची, म्हणजे मामा. मोठ्याने हसायची, दारं आपटायची, आणि लाल भाताबरोबर चीज-मिरचीची एमा दात्शी इतकी तिखट खायची की माझ्या बायकोच्या डोळ्यांना नुसतं बघून पाणी यायचं. कॉलेज झाल्यावर एका हॉटेलात नोकरीला लागली. तिथे वर्षभर उभी राहिली आणि एक दिवस म्हणाली की तिला ऑस्ट्रेलियाला शिकायला जायचंय.

यात नवल काही नव्हतं. आमच्या गल्लीत आता असं घर सापडायचं नाही, ज्यातलं कुणी तिकडे गेलेलं नाही. म्हातारे उरतात आणि फोन उरतात. नाकफेल तिला नाही म्हणाला नाही. पोरीला नाही म्हणायची त्याची छातीच नव्हती. तिने अर्ज केला, परीक्षा दिली, प्रवेशाचं पत्र आलं, व्हिसा आला. उरला तो फक्त निघायचा दिवस. आमच्यात लांबच्या वाटेला माणूस ज्योतिष्याला विचारल्याशिवाय निघत नाही. सेल्देन शिकलेली होती, पण तीसुद्धा म्हणाली, "अपा, तेवढा दिवस विचारून या."

आता हे मी कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या बायकोलाही नाही.

तालो गावाच्या वर एक म्हातारा ज्योतिषी राहायचा. नाकफेलने लोण्याचे गोळे आणि घरच्या आरा दारूच्या दोन बाटल्या घेतल्या. टोपली मी उचलली होती, कारण तो चढावर धापा टाकत होता. म्हाताऱ्याने सेल्देनचं जन्मवर्ष विचारलं, पंचांग उघडलं, खडे मांडले आणि खूश होऊन सांगितलं की पोरीला हे वर्ष फार चांगलं आहे, दहा तारखेनंतर कधीही पाठव. नाकफेल मान खाली घालून बसला होता. मग म्हणाला, लोपेन, गुरुजी, तिला सांगा की वर्ष वाईट आहे. दक्षिणेची वाट तिला बंद आहे. पुढच्या लोसारनंतर, नवं वर्ष लागलं की, जा म्हणावं.

म्हातारा चिडला. "इथे चांगलं लिहिलंय. मी वाईट कुठून आणू?"

"एकच वर्ष," नाकफेल म्हणाला. "तेवढ्यात तिचं मन बदलेल. मला दुसरं कोण आहे?"

म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं. तो माझ्या तोंडून काहीतरी शहाणपणाचं निघायची वाट बघत होता, हे मला तेव्हाही कळलं होतं. मी म्हणालो, "बापाचं काळीज आहे, लोपेन. एका वर्षाने काय बिघडतंय."

त्याने कागदावर लिहून दिलं. सेल्देनने तो कागद वाचला, घडी केली आणि विद्यापीठाला कळवून जागा एका वर्षाने पुढे ढकलून घेतली. मला म्हणाली, एक वर्ष काय आशांग, बघता बघता जाईल. नाकफेल त्या दिवशी इतका खुशीत होता की त्याने आम्हा सगळ्यांना मोमो खाऊ घातले.

त्याच पावसाळ्यात तिला ताप आला. तीन दिवस. डॉक्टरांनी हात टेकले नाहीत, शेवटपर्यंत झटले, पण ताप डोक्यात गेला होता. चौथ्या दिवशी पहाटे ती गेली. आम्ही बुमथांगहून गाडी पळवत आलो तेव्हा तिला शुद्ध नव्हती. आमच्यात दहनाचा दिवससुद्धा ज्योतिष्यालाच विचारावा लागतो. नाकफेल दुसऱ्या कुणाकडे गेला नाही, त्याच म्हाताऱ्याकडे गेला. म्हातारा पंचांग उघडून बसला आणि बराच वेळ त्याने पानच उलटलं नाही.

एकोणपन्नास दिवसांचं सगळं रीतसर झालं. टेकडीवर पांढऱ्या पताका लागल्या. लामाने सांगितलं तसे तिचे कपडे, बांगड्या, फोन, सगळं देऊन टाकलं. रडायचं नाही, नावाने हाक मारायची नाही, मेलेल्याची पुढची वाट त्याने अडते. हे नाकफेलला लामाने सांगायची गरज नव्हती, हेच तो पोरांना वर्षानुवर्षं शिकवत आला होता. मग आम्ही तिघांनी, त्याने, मी आणि माझ्या बायकोने, तिच्या अस्थींची राख चाळली, मातीत मळली आणि पितळी साच्यातून त्सात्सा पाडल्या. त्सात्सा म्हणजे मुठीएवढा मातीचा स्तूप. एकशे आठ करायच्या, वाळवायच्या आणि एखाद्या कपारीत, कड्याखाली, वाटेवरच्या कोरड्या जागी ठेवून द्यायच्या. ठेवायच्या आणि मागे न बघता निघायचं. वारा आणि पाणी त्यांची पुन्हा माती करतात, आणि तेच व्हायला हवं असतं.

चेंदेब्जीच्या पुढे, त्रोंग्साच्या रस्त्याला एक मोठी कपार आहे. तिथे कुणाकुणाच्या शेकडो त्सात्सा आहेत, काही पांढऱ्या, काही अर्ध्या विरघळलेल्या. आमची गाडी तिथे नेहमीच थांबायची, कारण नाकफेल तिथे पोरांना अनित्यतेचा पाठ द्यायचा. त्याने सेल्देनच्या तिथेच ठेवल्या. जाता येता रस्ता तोच, हे माझ्या लक्षात आलं होतं.

पहिला गट घेऊन गेलो तेव्हा कपारीच्या डाव्या कोपऱ्यात एक जुना पत्रा दिसला. तिरपा बसवलेला, वर तीन दगड. त्याच्याखाली तिच्या एकशे आठ, ओळीने मांडलेल्या. पुढच्या खेपेला पत्र्याखाली प्लास्टिक आलं. त्याच्या पुढच्या खेपेला त्यांना चुन्याचा हात फिरवलेला होता. तो गटाच्या आधी खाली उतरायचा, मोजायचा, मग पोरांना हाक मारायचा. आणि त्याच पत्र्याकडे पाठ करून सांगायचा, जे बनतं ते विरघळतं. या मातीत कुणाची आई आहे, कुणाचा भाऊ आहे. यांची राखण कुणी करत नाही, कारण धरून ठेवलेल्याला पुढे जाता येत नाही. पोरं भराभर लिहून घ्यायची. एखादीच्या डोळ्यांत पाणी यायचं.

एकदा मला राहवलं नाही. गाडीत आम्ही दोघंच होतो, गट विमानतळावर सोडून आलो होतो. मी त्याला फैलावर घेतलं. म्हटलं, जिवंतपणी तू तिला जाऊ दिलं नाहीस आणि आता मेल्यावरही जाऊ देत नाहीस, तू गाइड आहेस का पहारेकरी? इतकं लागेल असं बोलायला नको होतं. तो खिडकीतून बाहेर बघत राहिला.

"भिजते ती, आचो," तो म्हणाला.

त्यानंतर मी पत्र्याचा विषय काढला नाही.

तिसऱ्या वर्षी वसंतात एक ऑस्ट्रेलियाचा गट आला. वीस विद्यार्थी आणि एक उंच, खणखणीत आवाजाच्या प्राध्यापक बाई. पोरांत एक ब्रिजेट नावाची मुलगी होती. बोलायची कमी, पुढच्या सीटवर बसायची आणि रस्ता बघायची. दारं आपटायची नाही, मोठ्याने हसायची नाही, सेल्देनसारखं तिच्यात काहीच नव्हतं. वय तेवढं होतं. नाकफेल तिला इतरांपेक्षा जास्त काही सांगायचा असंही नाही. तो त्या खेपेला सगळ्यांशीच जरा तुटक होता, कारण गट त्याच देशाचा होता.

बुमथांगहून परतताना बाईंनी गाडीत सगळ्यांना एक काम दिलं. या प्रवासाने तुम्हाला सगळ्यात जास्त शिकवलं अशी एक वस्तू निवडा, शेवटच्या दिवशी थिंफूत सगळ्यांसमोर ठेवा आणि तिच्याबद्दल बोला. पोरांच्यात चर्चा सुरू झाली. तासाभराने आम्ही कपारीपाशी थांबलो. जातानाचा पाठ झाला होता, पण बाईंना तो पुन्हा ऐकायचा होता, शांतपणे. नाकफेलने उतरून मोजल्या. एकशे आठ. पाठ दिला. पोरं कपारीभर विखुरली, फोटो काढले, गाडीत चढली. सगळे चढल्यावर तो पुन्हा एकदा मोजायला गेला, हे त्याचं नेहमीचंच होतं. या वेळी तो पत्र्यापाशी वाकून राहिला. मी हॉर्न वाजवला तरी वाकलेलाच. मग सावकाश येऊन माझ्या बाजूला बसला आणि म्हणाला, चल.

पेले ला नावाच्या खिंडीत चहाला थांबलो तेव्हा त्याने सांगितलं. एकशे सात आहेत.

मी म्हटलं, म्हणजे आपल्याच गाडीतल्या कुणीतरी उचलली. आत्ता माइक घे आणि सांग. तो म्हणाला, काय सांगू? अर्ध्या तासापूर्वीच त्यांना शिकवलं ना, यांची राखण कुणी करत नाही. मी म्हटलं, मग माझ्यावर सोड. रोज सामान मी चढवतो, मी उतरवतो, बॅगा माझ्याच हातात असतात. त्यावर तो असा भडकला की चहावाली वळून बघायला लागली. सोळा वर्षांत पाहुण्याच्या पिशवीला आपण हात लावला नाही, आता लावलास तर मी पुन्हा तुझ्या गाडीत पाय ठेवणार नाही. विमान तीन दिवसांनी होतं.

चोर शोधायला मला बॅग उघडावी लागली नाही. पुनाखात ब्रिजेटने पाठीवरची पिशवी माझ्या हातात द्यायला नकार दिला. दहा दिवस हीच मुलगी ती पिशवी माझ्याकडे भिरकावून द्यायची. आता छातीशी धरून बसली होती, लेकराला धरावं तशी. तिच्या बाहीला चुना लागला होता. मी नाकफेलला कोपऱ्यात घेऊन सांगितलं. दुपारी जेवताना तो ताट घेऊन तिच्या शेजारी जाऊन बसला. मी लांबून बघत होतो. आत्ता बोलेल, मग बोलेल. जेवण संपलं, तो उठून आला. काय बोललास विचारलं तर म्हणाला, बरं वाटतंय का विचारलं. ती हो म्हणाली. मी त्याला भित्रा म्हणालो. तो म्हणाला, हो.

थिंफूत शेवटच्या दिवशी वस्तूंचा कार्यक्रम झाला. हॉटेलच्या हॉलमध्ये लांब टेबल, पोरं गोल बसलेली, नाकफेल पहिल्या खुर्चीवर, मी दारात. कुणी सुकी मिरची ठेवली, कुणी मठातल्या दोऱ्याचा तुकडा, एकाने चक्क माझ्याकडून मागून घेतलेलं सुपारीचं खांड ठेवलं आणि त्यावर दहा मिनिटं बोलला. ब्रिजेटची पाळी आली. तिने पिशवीत हात घातला. नाकफेलने खुर्चीची कड धरली होती. तिचा हात पिशवीत बराच वेळ राहिला. मग बाहेर आला तो पाइनचं एक बोंड घेऊन. ती दोन वाक्यं बोलली आणि बसली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, नाकफेलनेही वाजवल्या. मला त्या मुलीचा इतका संताप आला होता की मी उठून बाहेर गाडी पुसायला गेलो. पुसलेलीच गाडी पुन्हा पुसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पारोचा विमानतळ. मी बॅगा उतरवल्या. नाकफेलने रीतीप्रमाणे प्रत्येकाच्या गळ्यात पांढरी खादर, निरोपाचं उपरणं, घातली. ब्रिजेटच्या गळ्यात घालताना त्याचे हात क्षणभर तिच्या खांद्यांवर थांबले. तिने वर पाहिलं नाही. मग ती सगळी काचेच्या दारातून आत गेली आणि आम्ही दोघं बाहेर उभे राहिलो. मला वाटलं, संपलं.

दहा मिनिटांत सामान तपासणारा एक माणूस दाराशी आला आणि या गटाचा गाइड कोण म्हणून ओरडला. वयस्कर, जाड भिंगाचा चष्मा. ब्रिजेट त्याच्या मागे, रडून लाल झालेली. त्याच्या तळहातावर त्सात्सा होती. एक कड किंचित झिजली होती, बाकी अगदी आम्ही केली तशीच.

"ही पोर तुमची?" त्याने आमच्या भाषेत विचारलं. "पिशवीत मोज्यात गुंडाळून ठेवली होती. धर्माची जुनी वस्तू कागदाशिवाय देशाबाहेर जात नाही, तुम्हा लोकांना किती वेळा सांगायचं? गटाला शिकवता काय तुम्ही?"

ब्रिजेट मध्येच इंग्रजीत बोलायला लागली. तिला म्हणे पत्र्याखालच्या बाकी सगळ्या इतक्या जवळजवळ दिसल्या, ही एकटी कडेला होती, ती पडेल असं तिला वाटलं. मग परत ठेवायची लाज वाटली. मग सांगायची लाज वाटली. घ्या ती, प्लीज घ्या. ती नाकफेलला हेच पुन्हा पुन्हा सांगत होती.

नाकफेलने हात पुढे केला. त्या माणसाने त्सात्सा त्याच्या हातावर ठेवली. मला हायसं वाटलं. आता तो ती घोच्या खोळीत ठेवेल, आम्ही जाऊन तिच्या जागी मांडू, पुन्हा एकशे आठ होतील. माझ्या मनात एवढंच होतं, आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही.

"ही जुनी नाही," नाकफेल त्या माणसाला म्हणाला. "तीन वर्षंही झाली नाहीत."

"तुम्हाला काय माहीत?"

"मीच केली. माझी मुलगी आहे ती."

चष्म्याच्या माणसाने टोपी काढली, पुन्हा घातली. आत विमानाची सूचना होत होती. नाकफेल त्सात्सेकडे बघत उभा होता, आणि मग त्याने माझ्याकडे पाहिलं. तालोच्या घरात ज्या डोळ्यांनी जमिनीकडे बघत होता, तेच डोळे.

"आचो," तो म्हणाला, "आजचा दिवस कसा आहे? प्रवासाला?"

माझ्या गाडीत स्टिअरिंगच्या बाजूला कॅलेंडर लटकवलेलं असतं. त्यावर रोजचं चांगलं-वाईट छापलेलं असतं. पहाटे गाडी सुरू करताना मी ते पाहिलं होतं. त्या तारखेला प्रवास टाळा असं लिहिलं होतं, ठळक अक्षरांत.

"चांगला आहे," मी म्हणालो. "फार चांगला आहे."

त्याने खिशातला रुमाल काढला, त्सात्सा त्यात गुंडाळली आणि ब्रिजेटच्या हातात दिली. चष्म्याच्या माणसाने दुसरीकडे बघितलं. नाकफेल तिला इंग्रजीत सावकाश सांगायला लागला, गटाला सांगायचा तसं. कपाटात ठेवू नकोस. काचेत ठेवू नकोस. बाहेर ठेव, झाडाखाली, जिथे पाऊस पडतो. फुटली तर फुटू दे. तिने विचारलं, ही कुणाची आहे? तो म्हणाला, एका मुलीची. तिला तुमच्याकडे शिकायला यायचं होतं. माझी मुलगी, असं तो तिला म्हणाला नाही.

ती आत गेली. विमान उडालं तेव्हा तो वर बघत नव्हता, बुटांकडे बघत होता. पारो सोडल्यावर तो गाडीत एकदम हुंदके द्यायला लागला. तीन वर्षांत मी त्याला पहिल्यांदा रडताना पाहिलं. मी गाडी बाजूला घेतली आणि मीही रडलो. दोन म्हातारे पुरुष कोस्टरमध्ये बसून रडतायत, आणि मागून येणारा ट्रकवाला हॉर्न वाजवतोय.

तीन दिवसांनी आम्ही कपारीला गेलो. पत्र्यावरचे दगड त्याने काढले, पत्रा मी ओढला. खाली एकशे सात पांढऱ्या, कोरड्या, काल केल्यासारख्या. तो तिथे फार थांबला नाही. निघताना त्याने मागे बघितलं नाही. मी बघितलं. तो पत्रा आता माझ्या कोंबड्यांच्या खुराड्यावर आहे.

नाकफेलने त्या वर्षी काम सोडलं आणि उराला जाऊन राहिला. घरात एकटाच आहे. पाय दुखतात, खाणं कमी झालंय, कुणी बोलवलं तरी कुठे जात नाही. माझ्याबरोबर आता एक नवीन गाइड असतो, हुशार आहे, नावं पाठ करत नाही. कपारीपाशी गाडी अजून थांबते. डाव्या कोपऱ्यात आता मातीचा एक सपाट थर आहे. त्यातली सेल्देन कुठली आणि कपारीची माती कुठली, ते मलाही सांगता येणार नाही.

ब्रिजेटचं पत्र आलं नाही. येईल असं त्यालाही वाटत नाही. पण महिन्या-दोन महिन्यांनी त्याचा फोन येतो. तब्येत, माझी बायको, कोंबड्या, सगळं विचारून झालं की तो जरा थांबतो. मग विचारतो की ऑस्ट्रेलियात सध्या पाऊस आहे का. मी ड्रायव्हर माणूस, मी पारोच्या पलीकडे कधी गेलो नाही. तिकडे वर्षानुवर्षं कोरडंच असतं असं एका पाहुण्याने मला सांगितलंय.

"पडतोय म्हणे," मी सांगतो. "रोज पडतोय."

तो बरं म्हणतो आणि फोन ठेवतो.